अनुमोदक

“हात खाली घे गं म्हातारे, दुखेल!” मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळी ग्रामसभा हसली.

खडी क्रशरला ना हरकत द्यायची आणि त्या बदल्यात गावाची घरपट्टी माफ, असा ठराव होता. क्रशरची जागा पार्वतीकाकूंच्या भिंतीला लागून. घरात दमेकरी नवरा. काकूंनी विरोधाचा ठराव मांडला होता, पण अनुमोदक मिळाल्याशिवाय तो मताला जात नाही.

“आहे का कुणी? इंग्लिश मीडियम, तुम्ही?” सरपंचांनी माझ्याकडे बघत विचारलं.

काकूंनीही बघितलं. त्यांचा हात अजून वरच होता. मत द्यायला उचललेला हात आणि बुडताना उचललेला हात लांबून सारखेच दिसतात. शाळेत मला उत्तरं यायची, तरी माझा हात कधी वर गेला नाही. तेव्हा त्याने कुणाचं काही बिघडत नव्हतं.

मी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिले. काकूंचा हात हळूहळू खाली आला. मूळ ठराव टाळ्यांत मंजूर झाला. माणसं उठली, चहाकडे गेली.

मग मी काकूंजवळ गेले आणि म्हणाले, “काकू, गाडीवरून घरी सोडू का?”