आबांच्या निधनाचं कार्ड

माझ्या आजोबांच्या निधनाची बातमी मी स्वतःच्या हाताने लिहिली, तेव्हा ते माझ्या शेजारीच बसून भुईमुगाच्या शेंगा खात होते.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. आम्ही अंधेरीला, मरोळच्या रस्त्यावर राहायचो. आबा तेव्हा पंचाहत्तरीचे. पहिल्या महायुद्धात पलटणीबरोबर बसऱ्याला जाऊन आलेले. तिथल्या गोळ्या, येता-जातानाचा समुद्र आणि पुढे आत्याच्या हातची आमटी, या सगळ्यांतून शाबूत राहिलेले! अशा माणसाला काही होईल असं आम्हाला कधी वाटलंच नव्हतं. पण त्या सकाळी ते अंगणात चूळ भरत असताना एक कावळा सरळ येऊन त्यांच्या डोक्यावर बसला.

आबांनी त्याला पलटणीतली एक शिवी दिली आणि उडवून लावलं. आत्याच्या हातातला तांब्या मात्र खाली पडला. (आत्या म्हणजे आबांची विधवा लेक. घरातले सगळे शकुन-अपशकुन तिच्या ताब्यात असत.) तिने मला स्वयंपाकघरात ओढलं.

"वाट लागली गं! डोक्यावर कावळा म्हणजे मरण!"

"अगं, त्याला शेंगा हव्या असतील."

"गप! याला उपाय एकच. माणूस गेल्याची खोटी बातमी धाडायची. ऐकणारं खरंखुरं रडलं की मरण टळतं, आयुष्य वाढतं. दुसऱ्या दिवशी खरं काय ते कळवायचं."

मी मॅट्रिक पास झालेली, टायपिंगच्या क्लासला जाणारी आधुनिक मुलगी. हसायला हवं होतं मी! पण आबांवर माझा फार जीव होता, आणि त्यांचा विषय निघाला की माझी आधुनिकता पातळ व्हायची.

"मग घाटकोपरच्या काकीला कळवू या?"

"ती? ती कांदा चिरतानासुद्धा रडत नाही!"

तेव्हा मुलुंडच्या गणपतरावांचं नाव मीच (हो, मीच!) सुचवलं. गणपतराव म्हणजे आबांच्या पलटणीतला उरलेला एकमेव दोस्त. कुणाच्याही लग्नात नवरीच्या आईआधी रडायला लागणारा माणूस! आत्या खूश झाली.

मी पोस्टकार्ड घेऊन ओटीवर बसले, तर आबा शेंगा घेऊन शेजारी.

"काय लिहितेस गं?"

"निबंध."

"कशावर?"

"तुमच्यावर." (खोटं बोलले नाही.)

"मग बसऱ्याचं घाल. गण्याला ताप होता, त्याला खांद्यावर घेऊन सात मैल चाललो, ते घाल."

घातलं. शाळेत निबंधाला पहिलं बक्षीस मिळवलेली मुलगी मी, हात थोडाच आखडणार! 'अखेरच्या क्षणी आबांच्या ओठांवर आपलंच नाव होतं' असं शेवटी लिहिलं आणि कार्ड पेटीत टाकून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा, म्हणजे माझे वडील, दाढी करता करता म्हणाले, "गणपतरावांना बघायला मुलुंडला जायला हवं. महिनाभर अंथरुणावर आहेत. हृदय. डॉक्टर म्हणतात, जरासुद्धा धक्का बसता कामा नये."

माझ्या हातातल्या बशीतला चहा साडीवर सांडला. आत्या देवापुढे जाऊन बसली. दादांना सांगायची दोघींचीही छाती नव्हती. "क्लासला जाते!" असं ओरडत मी धावत स्टेशन गाठलं.

दादरला गाडी बदलून मुलुंड येईपर्यंत मी गणपतरावांना किमान चौदा वेळा मारलं. दर वेळी त्यांच्या हातात माझं कार्ड! कावळ्याने आबांना नेलं नसतं, पण मी मात्र आबांचा शेवटचा दोस्त नेणार होते. आणि हे आबांना सांगायचं कसं? पोस्टमनच्या आधी पोचू दे, एवढंच देवाकडे मागत होते.

गणपतरावांच्या दाराला कुलूप होतं! शेजारीणबाई तांदूळ निवडत होत्या.

"पोस्टमन आला ना, कार्ड दिलं. त्यांनी ते वाचलं, एकदम छातीला हात लावला..."

"आणि?"

"आणि काय! पुतण्याला हाक मारली, दोघं टॅक्सीत बसून गेले."

"हॉस्पिटलात?"

"काय की बाई. बोललेच नाहीत काही. तू कोण गं त्यांची?"

खुनी! असं सांगावंसं वाटलं. परतीच्या वाटेवर मी रडत होते, अगदी नाक ओढून ओढून. समोरच्या बाईने विचारलं, "कोण गेलं गं?" त्यावर मी "अजून नक्की नाही" म्हटलं, तेव्हा ती दुसरीकडे जाऊन बसली.

घराशी आले तर ओटीवर आबा होते, आणि त्यांच्यासमोर छातीवर पदकं लावून साक्षात गणपतराव! मोठ्याने वाचत होते, "'सात मैल चालून...' अरे लबाडा, सात कुठले? दोनच! आणि मरताना माझं नाव?"

"मी नाही घेतलं हं तुझं नाव," आबा म्हणाले. "मी मेलोच नाही, तर नाव कशाला घेऊ?"

मी पायरीवरच बसले. "गणपतराव, तुम्ही... छातीला हात लावलात म्हणे?"

"खिशातला चष्मा काढायला. नीट बघितलं, तर कार्डाच्या डोक्यावर ठळक 'श्री'! अगं पोरी, मरणाच्या पत्रावर कुणी श्री घालतं का? तेव्हाच ओळखलं, कावळा बसला असणार! म्हटलं, मेलेल्याला भेटूनच येऊ." मग त्यांचा आवाज जरा खाली आला. "श्री नसता ना, तर मी खाटेवरच आटोपलो असतो."

आयुष्यात पहिल्यांदाच माझा निष्काळजीपणा कुणाच्या उपयोगी पडला होता. मी आबांच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि पुन्हा भोकाड पसरलं. आबा डोक्यावरून हात फिरवत राहिले. मी रडतेय कशाबद्दल, ते त्यांना कळलं होतं की नाही, कोण जाणे.

आत्या मात्र दारात हिरमुसून उभी होती. "म्हणजे काका, तुम्ही रडलाच नाहीत? उपाय फुकट गेला?"

"ही बघ ना," गणपतराव माझ्याकडे बोट दाखवत म्हणाले, "केव्हाची हीच रडतेय. हे चालणार नाही का?"

आत्याने माझे सुजलेले डोळे नीट तपासले. "चालेल," ती म्हणाली. "खरं रडलीय."

आबा पुढे आणखी अकरा वर्षं जगले. मीही त्यानंतर पुष्कळ लिहिलं. पण माझ्या लिखाणापायी कुणी मनापासून रडलं, असं एकदाच घडलं, आणि तेव्हा रडणारीही मीच होते!