राजाची अक्षरं असलेला मग
परवा इथल्या म्युझियममध्ये निळ्या नक्षीचा राखाडी बिअरचा मग दिसला आणि लीड्समधली माझी पहिली घरमालकीण आठवली. तिच्याकडे अगदी तसाच होता: मिठाची झिलई दिलेला, जर्मनीत घडवून इंग्लंडात विकायला पाठवलेला, म्हणून त्यावर इंग्रज राजाच्या नावाची आद्याक्षरं. तिच्या गेलेल्या नवऱ्याचा तो लाडका. वीसेक वर्षांपूर्वी एकदा मी हॉस्पिटलची बारा तासांची शिफ्ट करून आले होते. तिचे हात थरथरायचे, म्हणून शेल्फ मी पुसायला घेतलं आणि तो माझ्या हातून पडला. मी रडत तुकडे वेचू लागले. ती सावकाश माझ्याशेजारी फरशीवर बसली आणि म्हणाली, "राहू दे गं. चाळीस वर्षं जपतेय त्याला. दमले मी." आता सासूबाईंची चांदीची भांडी पुसताना तिच्या आवाजातली ती सुटका मला कळते.