तारांच्या अलीकडे

फौजेत मी वीस वर्षं हेलिकॉप्टर उडवलं आणि त्यानंतरची आठ वर्षं जयपूरच्या उत्तरेला, डोंगरांच्या पायथ्याशी, पर्यटकांना बलूनमधून फिरवलं. मूळ गाव साताऱ्याकडचं. शेवटची पोस्टिंग इथल्या मिलिटरी स्टेशनला झाली, बायको इथल्या शाळेत शिकवायला लागली, मुलगी इथेच मोठी झाली, आणि गावी परतायचं राहून गेलं ते गेलंच.

माझ्या बरोबरचे काहीजण आता मोठी प्रवासी विमानं उडवतात. फोनवर विचारायचे, "काय रे, टोपलीच उडवतोस का अजून?" मीही हसायचो. सुरुवातीला मलाच वाटलं होतं की हे निवृत्तीनंतरचं हलकं काम आहे. तसं ते नव्हतं. हेलिकॉप्टरमध्ये दोन्ही हात आणि दोन्ही पाय सतत कामात असतात, पण यंत्र तुमचं लगेच ऐकतं. बलून ऐकत नाही. बर्नरचा खटका दाबला की डोक्यावर दोन पुरुष उंचीची ज्वाळा भडकते, पण बलून वर जायला लागतो सहा-सात सेकंदांनी. तोवर तुम्ही खालीच चाललेले असता. म्हणजे आत्ता काय हवं आहे हे आधीच ठरवून ठेवावं लागतं. वळवायचं साधनच नसतं. वेगवेगळ्या उंचीवर वारा वेगवेगळ्या दिशेला वाहतो, त्यातला आपल्या कामाचा शोधायचा आणि त्याच्यासोबत जायचं. आपण वाऱ्याच्याच वेगाने जात असल्यामुळे टोपलीत केसही हलत नाहीत. इतकी शांतता मी दुसऱ्या कुठल्याच यंत्रात पाहिली नाही.

ऑक्टोबर ते मार्च रोज पहाटे चारला उठायचं. थंडीत ते भलंमोठं कापड पसरायचं, पंख्याने फुगवायचं, उडवायचं, जिथे उतरेल तिथे पुन्हा गुंडाळून जीपवर चढवायचं. शेवटच्या दोन-तीन सीझनमध्ये दुपारी घरी आलो की बूट काढायलाही जीवावर यायचं. बायको काही सांगायची, मी मान डोलवायचो. मुलगी सीतापुऱ्याच्या कॉलेजातून येऊन चिडायची, "बाबा, मतलब, तुम्ही कधी ऐकतच नाही!" मी म्हणायचो, दमलोय. ते खरंच होतं, पण तेवढंच खरं नव्हतं.

त्या दिवशी टोपलीत सहा प्रवासी होते. त्यात सांगलीकडची एक आजी, सुनेबरोबर आलेली. तिचा मुलगा इथे सुभेदार. मराठी माणूस पायलट आहे म्हणून त्याने मुद्दाम माझ्या फेरीला दोघींना पाठवलं होतं. नऊवारीवर सुनेचं जाकीट घातलेलं. टोपलीला दार नसतं, बाजूच्या खाचेत पाय ठेवून चढावं लागतं. मी हात पुढे केला तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. गोठ्याच्या कुंपनावरनं रोज चढतीय मी."

वर गेल्यावर बाकीचे फोटो काढत होते. आजी माझ्याकडे बघत होती.

"आता ह्ये वळवायचं कशानं?"

"वळत नाही, आजी. वारा नेईल तिकडं जायचं."

"मग तुमी काय करताय?"

सुनेने सगळ्यांना हसून अर्थ सांगितला. मलाही हसू आलं.

उतरायची वेळ झाली तेव्हा सूर्य समोर, अगदी खाली होता. मोहरीच्या पिवळ्या शेतांपलीकडे एक पडीक रान दिसलं आणि मी बलून खाली घेऊ लागलो. खाली जीपमधून आमचा ड्रायव्हर मागावर होता. हा सांगानेरचा, पहिल्या दिवसापासून माझ्यासोबत. उतरताना तोच माझे डोळे. वायरलेस माझ्या डाव्या खांद्याजवळ टांगलेला असायचा. त्यातून नुसती खरखर येत होती. निदान मला तरी तेवढीच ऐकू येत होती.

आजीने माझी बाही ओढली. "अवो, तारा! तारा हायत म्होरं!"

खेजडीच्या झाडांआड विजेचे खांब लपले होते आणि उन्हात तारा दिसतच नव्हत्या. हात आपोआप बर्नरकडे गेला. अशा वेळी सगळ्यांचा जातो, आणि बलूनमधली माणसं मरतात ती त्यामुळेच. सहा-सात सेकंद नव्हते माझ्याकडे. मी गॅस बंद केला, वरची झडप उघडणारी लाल दोरी दोन्ही हातांनी ओढली आणि ओरडलो, "नीचे बैठिए! आजी, खाली बसा!"

आम्ही दगडासारखे आदळलो, उसळलो, पुन्हा आदळलो आणि टोपली आडवी होऊन फरफटत गेली. थांबली तेव्हा तारा चाळीसेक पावलांवर होत्या. कापड तारांच्या अलीकडेच कोसळलं होतं. सगळे जिवंत होते. आजी उजवं मनगट पोटाशी धरून मातीत बसली होती. रडत नव्हती.

ड्रायव्हर धावत आला. चेहरा पांढराफटक. "सर, तीन बार बोला मैंने! तीन बार! आपने सुना नहीं?"

मी आजीचं मनगट बघायला वाकलो.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलमध्ये गेलो. मनगटाला प्लास्टर होतं. सुभेदाराने उठून सलाम केला, तेव्हा जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटलं. आजीने त्याला चहा आणायला पाठवलं आणि तो गेल्यावर हळूच म्हणाली, "तुमास्नी वायरलेस ऐकू आला न्हाई, व्हय?"

"नाही आला."

"कधीपासनं?"

"दोन-तीन वर्षं झाली."

हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. दर मेडिकलला डॉक्टर पाठीमागे उभे राहून हळू आवाजात आकडे म्हणायचे आणि मी अंदाजाने परत म्हणायचो. चुकलं की "सर, जरा जोरात, फौजी आहे मी" असं म्हणून हसायचो. तेही हसायचे. हेलिकॉप्टरच्या इंजिनाखाली वीस वर्षं काढली की कान जाणारच, हे मला ठाऊक होतं. पण पायलट नसलेला मी कोण, हे ठाऊक नव्हतं.

आजी म्हणाली, "आमचं मालक बी तसंच करायचं. ऐकू न्हाई आलं की हसायचं." आणि थोड्या वेळाने, "मी कुनाला सांगनार न्हाई."

"सांगितलंत तरी माझी तक्रार नाही."

"मी कशाला सांगू? हात माझा मोडलाय. कान तुमचा हाय."

तिथून मी सरळ ऑफिसात गेलो. मॅनेजर वाईट माणूस नव्हता. बुकिंग मार्चपर्यंत भरलं होतं. "सर, अचानक हवा आली असं लिहून टाकू. सीझन तर निघू दे," म्हणाला. मी कागद मागून घेतला आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलं, की तारांची सूचना वायरलेसवर वेळेत मिळाली होती, पायलटला ती ऐकू आली नाही. खाली सही केली. मग नीट मेडिकल झालं. बंद खोलीत, कानाला यंत्र लावून. तिथे अंदाज चालत नाही. डॉक्टर म्हणाले, ऐकण्याचं मशीन लावून लायसन्ससाठी पुन्हा अर्ज करता येईल. मी हो म्हणालो. अर्ज केला नाही.

घरी सांगितलं तेव्हा मुलगी रडायला लागली. "मतलब, आम्ही इतके दिवस तुमच्यावर उगाच चिडत होतो?" बायको भाजी निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "मला वाटायचं, तुम्हाला आमचं ऐकायचंच नसतं." मी तिच्याशेजारी बसून शेंगा सोलायला घेतल्या.

कंपनीने नवा पायलट आणला, तिशीतला, हुशार. त्यानेच फोन करून विचारलं, इथली शेतं दाखवाल का? तीन दिवस आम्ही तिघं, तो, ड्रायव्हर आणि मी, जीपमधून गावोगाव फिरलो. कुठे नवा खांब उभा राहिलाय, कोणत्या बोअरवेलला तार नेलीय, कोणता शेतकरी पिकात उतरू देत नाही, ते सगळं नकाशावर मांडलं. तो बारीकसारीक विचारत होता आणि मी सांगत होतो. ऐकू आलं नाही की "पुन्हा सांग" म्हणत होतो, न लाजता.

तिसऱ्या दिवशी परतताना मागच्या सीटवर मला झोप लागली. जाग आली तेव्हा जीप आमच्या बिल्डिंगखाली उभी होती. इंजिन बंद होतं आणि ऊन उतरलं होतं. ड्रायव्हर बाहेर उभा राहून बिडी ओढत होता. नवा पायलट मधेच कुठेतरी उतरून गेला होता.

"कितनी देर हुई?" मी विचारलं.

त्याने माझ्यासमोर येऊन, सावकाश सांगितलं, "एक घंटा, सर. सोने दिया."

मी अंगावर बसलेली धूळ झटकली आणि जिना चढायला लागलो.