केरबाची सवत

बाईला सवत असते, हे सगळ्या जगाला ठाऊक. पण बाप्याला सवत असल्याचं कधी ऐकलंय का, पावणं? गंगावेशीच्या मागच्या गल्लीत केरबाला होती. चार पायांची, काळीभोर, शिंगं मागं वळलेली. नाव चंद्री.

हसू नका. केरबा शिरोलीला फौंड्रीत भट्टीवर कामाला होता. दिवसभर तापल्या लोखंडापुढं उभा राहणारा हा गडी घरी येऊन एका म्हशीवर जळायचा. कारणही तसंच होतं. त्याची बायको तानाबाई त्याच्याशी बोलायची ती मोजून मापून. ‘वाढू का?’ आणि ‘आनी घालू का?’ झालं. गोठ्यात गेली की मात्र तिच्या तोंडाचा पट्टा सुटायचा. कुरुंदवाडला दिलेल्या लेकीचा सासुरवास, शेजारणीचा आगाऊपणा, स्वतःची कंबरदुखी, सगळं चंद्रीच्या कानात. रेडकू असल्यापासून तिनं चंद्रीला हातावर वाढवलेली. म्हसही तसलीच भवानी! तानाबाईचा हात लागल्याशिवाय पान्हा सोडायची नाही.

आता गाठीचंच घ्या की. अठ्ठ्याहत्तर सालची गोष्ट. केरबा कामावरनं येऊन मोरीत पाय धूत होता, तर भिंतीपलीकडनं तानाबाईचा आवाज आला. “चंद्रे, उरात गाठ आलीया गं. दुखत न्हाय, पर वाढाय लागलीया.”

केरबा ओल्या पायानं तसाच गोठ्यात गेला. “आनी मला कवा सांगणार हुतीस? मी काय मेलोय व्हय?”

“तुमी वरडता म्हणून न्हाय सांगितलं,” तानाबाई म्हणाली.

“मी कुठं वरडतोय?” केरबा अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा वरडला.

गाठ कॅन्सरची निघाली. मिरजेच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, एका अंगाचा ऊर काढून टाकला. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की एवढ्यावर भागत नाही, आता केमोथेरपी द्यायला लागेल. शिरेतनं औषध सोडायचं, महिन्याच्या महिन्याला यायचं, असे सहा डोस. केरबानं रजा टाकली. पॅसेंजर गाडीनं तिला धरून न्यायचं, धरून आणायचं. ती आतडी पिळवटून ओकायची आणि हा पुढं भांडं धरून बसायचा. तोंड पुसायचा, चूळ भरायला पाणी द्यायचा, मायेनं पाठ चोळायचा. अशातच एकदा तानाबाईनं डोळे उघडले, ओठ हलवले. आता ही आपल्याला काहीतरी म्हणतीय, म्हणून केरबा कान देऊन वाकला.

“चंद्रीनं वैरण खाल्ली असंल का वं?”

ते भांडं भिंतीवर आपटावं असं केरबाला वाटलं. जागतोय मी, घाण काढतोय मी, आणि विचारपूस कुणाची, तर म्हशीची! अगं, एकदा तरी म्हण की, तुमी च्या घेतला का म्हणून. पण दुखणाईत माणसाशी भांडायचं कसं? तो म्हणाला, “खाल्ली असंल. मरत न्हाय ती.”

घरी आले तर चंद्रीनं तोंड पाडलेलं. शेजारी मीरासाब टांगेवाला होता, त्याच्या घरच्यांनी वैरणपाणी केलं होतं, पण धार काही कुणाला देत नव्हती. केरबा बसला तर त्याच्या मांडीवर लाथ. मीरासाब म्हणाला, “वहिनीचं लुगडं नेसून बस की, केरबा.”

“मिशा दिसत न्हाईत व्हय तुला?”

“मग आटू दे म्हस. वहिनीला काय ते तूच सांग.”

ते मात्र केरबाला लागू पडलं. दार लावून त्यानं लुगडं गुंडाळलं. नऊवारी त्याला काय जमणार, कपाळ! कासोटा एकीकडं, पदर दुसरीकडं. मीरासाब हसून हसून खोकायला लागला. चंद्रीनं पदर हुंगला, मान वळवून केरबाच्या मिशांकडं जरा बघितलं, आणि पान्हा सोडला.

मग ते रोजचंच झालं. धार काढताना केरबा आधी तिला शिव्या घालायचा. “सटवे, तुझ्या पायी माझ्या घरात मलाच कोण इचारीना.” पुढं पुढं शिव्या संपल्या आणि दुसरंच बाहेर यायला लागलं. आज तिच्या पोटात भाकरीचा तुकडा ठरला नाही. आज केस हातात आले, सगळे. मला भ्या वाटतंय गं. चंद्री रवंथ करत ऐकायची. लुगड्याची गरज कधी सरली ते केरबाच्या ध्यानातही आलं नाही.

तिसऱ्या डोसानंतर तानाबाईनं हात टेकले. “बास झालं. आता मी न्हाय जायची.”

केरबा आधी समजुतीनं बोलला, मग ओरडला, मग हातापाया पडला. अर्ध्यावर सोडलं तर दुखणं उलटेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. लेक कुरुंदवाडहून येऊन रडून गेली. तानाबाई भिंतीकडं तोंड करून पडलेली. म्हणाली, “जेवढं दिस ऱ्हायल्यात तेवढं माझ्या म्हशीजवळ काढू द्या मला.”

“आनी मी?” केरबानं विचारलं.

तिनं वाकळ तोंडावर ओढून घेतली. केरबा उठून परसात गेला आणि तिथं एकटाच उभा राहिला. चार महिने हिला मरणाच्या दारातनं ओढतोय आणि हिच्या हिशेबात आपण कुठंच नाही, हे त्याला गिळता येईना.

मिरजेला जायच्या तारखेच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीला, तानाबाई उठली. पदर कानाभोवती घट्ट ओढला, चरवी घेतली आणि ऑपरेशननंतर पहिल्यांदाच भिंत धरत गोठ्यात गेली. “सरका. आज धार मी काढणार हाय.”

ती कासेला हात लावायला गेली तशी चंद्रीनं तिला हुंगलं, फुर्र केलं आणि दावं ताणून मागं सरली.

“चंद्रे, अगं मी हाय. मी!”

पुन्हा हात लावला. चंद्रीनं पाय झाडला, चरवी कलंडली. आणि दारात उभ्या केरबाला बघून म्हस रेकली, मान लांब करून त्याचा हात चाटायला लागली.

खोटं कशाला बोलू? केरबाला क्षणभर लई गार वाटलं. मग त्यानं बायकोचं तोंड बघितलं. ते तोंड त्याच्या ओळखीचं होतं. इतकी वर्षं त्यानं स्वतः तेच वागवलं होतं.

“औषधाचा वास येतोय तुझ्या अंगाला,” तो चाचरत म्हणाला. “त्यानं बुजली बघ ती. दुसरं काय न्हाय.”

“गप बसा! फितवलीसा तिला. मी तिकडं मरत हुते आनी तुमी हितं माझी म्हस फितवलीसा.”

ती जेवली नाही. केरबानं ताट झाकून ठेवलं आणि तोही उपाशीच झोपला.

उजाडताना त्याला कुणीतरी हलवलं. तानाबाई लुगडं बदलून उभी होती, हातात दवाखान्याची पिशवी. “उठा. गाडी चुकंल.”

“कुठली गाडी?”

“मिरजंची. औषध संपल्याबिगर वास जायाचा न्हाय, आनी वास गेल्याबिगर ती भवानी मला जवळ घ्यायची न्हाय. काय ते संपवून टाकू.” मग बोट रोखून म्हणाली, “आनी तवर तिला लाडवायचं न्हाय. धार काढायची आनी मुकाट भाईर यायचं. बोलायचं न्हाय तिच्यासंगं.”

केरबानं हातापाया पडून जे झालं नाही, लेकीच्या आसवांनी झालं नाही, ते एका म्हशीनं लाथ झाडून केलं. माझ्यासाठी उठली नाही, हिच्यासाठी उठली. ते त्याला टोचलं, चांगलंच टोचलं. पण त्यानं पिशवी तिच्या हातातनं घेतली.

“म्हशीसाठी तर म्हशीसाठी,” तो म्हणाला. “पर तू जग, बाई.”

“मग काय तुमच्यासाठी जगू?” तानाबाई फणकारली, आणि पायरी उतरायला तिनं त्याचा खांदा धरला.