तांबड्या बैलाची तहान

पायाखाली ओली वाळू आली की आजही तो तांबडा बैल डोळ्यांसमोर उभा राहतो आणि हसू फुटतं. त्या दिवशी मात्र माझी बोबडी वळायची बाकी होती.

मी बुलढाण्याकडचा. शाळा मधेच सुटली, शिपाई म्हणून भरती झालो आणि हवालदार होऊन रायगडच्या किनाऱ्यावरच्या एका ठाण्यात आलो. समुद्राची धास्ती वाटायची. पण इथल्या लोकांनी मला मासे खायला शिकवलं आणि घरच्यासारखं सांभाळलं. ते उपकार विसरणार नाही.

त्या दिवशी वाळूवर बैलगाडी शर्यत होती. रीतसर परवानगी होती, बंदोबस्त माझ्याकडे. एवढ्यात चहावाला धावत आला.

"सायेब, बैल परलाय! आता मानसं परतील!" बैल पडलाय आणि आता माणसंही पडतील, हे त्याचं बोलणं मला एव्हाना कळायचं.

मंडपामागे तांबडा बैल गुडघे टेकून बसला होता. उठायला जाई आणि झिंगल्यासारखा झोकांड्या खात पुन्हा बसे. शेण पाण्यासारखं पातळ. मालकाने शेजारच्या गावच्या चाचांची कॉलर धरली होती. दरवर्षी या दोघांच्याच जोड्या पुढे असत.

"ह्यानंच इख घातलं! सकाली हा हितं आला व्हता!"

"अरे, माझ्याच गोठ्यात जन्मला ना तो," साठीचे चाचा म्हणाले. "मीच इकला तुला. त्याला बघायला आलो होतो. मी जहर देईन काय?"

दोन्ही गावांचे लोक बाह्या सरसावू लागले. मी चाचांना माझ्यामागे घेतलं, ठाण्यात कळवून जादा माणसं मागवली आणि जनावरांच्या तपासणीला आलेल्या डॉक्टर मॅडमना हाक मारली. बैल गेला असता तर विषाचा डाग चाचांवर कायमचा बसला असता, आणि दोन गावांतलं येणंजाणं संपलं असतं.

मॅडम बैल तपासत होत्या तोवर मी पंचनाम्याच्या सवयीने जागा न्याहाळली. औषध पाजायच्या बांबूच्या नळीला मुंग्या लागल्या होत्या. बादली मात्र कोरडी ठणठणीत. आमच्याकडे बैलाला आधी पाणी दाखवतात, मग घास. ती बादली मला खटकली.

"पाणी कधी पाजलं?"

"शर्यतीच्या दिशी पानी न्हाय देत, सायेब. पोट जड व्हतं," मालक म्हणाला.

"आणि नळीतून काय दिलं?"

"काय पन न्हाय."

मुंग्या खोटी साक्ष देत नाहीत; नळीतून काहीतरी गोड गेलं होतं. मी एकेकाला वेगळं घेऊन विचारलं. मालकाचा मेहुणा प्रश्न संपायच्या आत उत्तर देत होता. मी आवाज चढवला नाही.

"काय दिलं ते डॉक्टरांना कळलं तरच हा वाचेल. बोल. तुझ्या अंगाला कोणी हात लावणार नाही, मी आहे."

तो रडायलाच लागला. "ग्लिसरीन, सायेब. आमची गाय व्याली नि खायाची बंद झाली, तवा डाक्टरानी पाजलेलं. दुसऱ्या दिशी ताठ उभी! म्हटलं, बैल तर उडंल. आख्खा डबा वतला."

"पाण्यात कालवून?" मॅडमनी विचारलं.

"पानी द्यायचं नसतं ना, मॅडम!"

मॅडमनी कपाळाला हात लावला. "डबा औषधाच्या दुकानातला की कारखान्यातला? कारखान्यातल्या कच्च्या मालात दुसरं विष असू शकतं."

दुकानातलाच निघाला. मॅडमनी सुटकेचा श्वास सोडला.

"गायीला मोजून दिलं होतं. इतकं दाट ग्लिसरीन एकदम पोटात गेलं की अंगातलं पाणी ओढून घेतं. जनावर जुलाबाने आणि लघवीने सुकतं, झिंगतं. द्यायचंच तर डॉक्टर सांगतील त्या मापात, भरपूर पाण्यात, थोडं थोडं. आणि समोर पाणी कायम हवं. ह्याला तर तुम्ही तहानलेलाच ठेवलात!"

सलाईन लागलं. पाजायला गोडं पाणी हवं होतं, आणि समोर सगळा खारा समुद्र. तेव्हा चाचा गेले, आपल्या टेम्पोतले पाण्याचे कॅन ओढत आणले आणि मॅडम सांगतील तसं थोडं थोडं पाजू लागले. झटापटीत फाटलेली कॉलर लोंबत होती, आणि तांबडा त्यांच्याच हातातल्या बादलीत तोंड घालून पीत होता.

ऊन उतरलं तसा तो उठला. एकदा डुलला, मग चारी पायांवर घट्ट उभा राहिला आणि हंबरला. मघाशी बाह्या सरसावलेले तेच लोक ढोल बडवू लागले. जोडी बाद झाली, मेहुण्यावर नियमाप्रमाणे कारवाई झाली. विषाची तक्रार मात्र लिहावीच लागली नाही.

मालक चाचांच्या पायांवर वाकला. चाचा म्हणाले, "पाय सोड रे. आधी माझी कॉलर शिव!"

तेव्हापासून एक सवय लागली. लोक कोणाकडे बोट दाखवतात ते मी ऐकून घ्यायचो, पण आधी बादली बघायचो. गुन्हेगार शोधण्याच्या घाईत तहानलेल्याला पाणी द्यायचं राहून जातं. चाचा मात्र पाणी द्यायला विसरले नाहीत, आणि त्यांच्यावर तर आळ होता.