रुसलेल्यांच्या वाटची भाकर

भावाचा फोन आला तेव्हा मी बंगळूरला, जिथं कामाला आहे त्या घरच्या आजींना औषध देत होते. "ताई, पाद्रीसाहेब गेले..." चमचा हातात तसाच राहिला. आजींजवळ दुसरं कोणी नाही, त्यांच्या मातीला गावी अकोल्याला निघता आलं नाही. महिना झाला, ती टोचणी जात नाही म्हणून लिहायला बसले. नववीत शाळा सुटलेली बाई आहे मी, चुकलं तर सांभाळून घ्या.

आमच्या चर्चची मंडळी फुटली तेव्हा मी बारा वर्षांची होते. काहींना नवी उपासना, नवे बिशप हवे होते. पाद्रीसाहेब जुन्या प्रार्थनापुस्तकाला धरून राहिले. निम्मी माणसं समोरच्या शाळेच्या हॉलमध्ये जाऊ लागली, त्यांत माझे बाबा पहिले. बाबांचं सायकलचं दुकान. पाद्रीसाहेब हवा भरायला मुद्दाम तिथंच थांबत. "सलाम, यशवंतराव." बाबा पंप मारत, तोंड उघडत नसत. हवा मात्र कधी कमी भरली नाही.

आई, भाऊ आणि मी जुन्याच चर्चमध्ये राहिलो. प्रभुभोजनाला, म्हणजे प्रभूच्या नावानं भाकर वाटून खायच्या विधीला, पाद्रीसाहेब माणशी एक अशा पापडीसारख्या लहान गोल भाकरी ताटलीत मांडत, त्या सोडून गेलेल्यांच्याही धरून. आशीर्वाद दिलेली भाकर उरू द्यायची नाही, हा जुना नियम. म्हणून शेवटी वेदीपुढे गुडघे टेकून उरलेल्या सगळ्या तेच एकेक करून खात, आणि आम्ही ताटकळत. एकदा चर्चची व्यवस्था बघणाऱ्या वॉर्डनकाकांनी विचारलंच, "साहेब, गेलेल्यायच्या काहून मांडता? मंग तुमालेच खा लागते."

"पोरगं रुसून गेलं तं माय त्याचं ताट मांडत नाही काय?"

"मांडते. पण त्याच्या वाटचं वर्सानुवर्स खात नाही बसत!"

साहेब इतके हसले की ठसका लागला. पुढच्या रविवारी ताटली तेवढीच भरलेली.

माझी शाळा सुटल्यावर त्यांनी मला उपासनेत बायबलमधला शास्त्रपाठ वाचायला उभं केलं. अडखळले की मागून हळूच आवाज येई, "थांब पोरी, श्वास घे. देवाले कुठं गाडी पकडाची हाय?" त्या वाचनाच्या बळावरच आज औषधांच्या चिठ्ठ्या वाचते, पोट भरते. बंगळूरला निघताना मी भीत भीत विचारलं होतं, "मी तिकडं गेल्यावर... माही भाकर मांडसान ना?"

"तुही पयली," ते म्हणाले.

ते गेल्यानंतरच्या रविवारी उपासनेला अमरावतीचे पाद्री आले. वॉर्डनकाकांनी सवयीनं साहेबांच्याच मापानं भाकरी काढून दिल्या. हॉलमधली माणसं त्या दिवशी रस्ता ओलांडून आली होती. बाबाही. गुडघे वाकत नाहीत, तरी वेदीपुढच्या कठड्याला धरून टेकले आणि भाकरीसाठी दोन्ही हात पुढं केले, भाऊ सांगत होता.

"उरल्या काय रे?" मी विचारलं.

"एकच. त्या पाद्रीनं खाल्ली. तुहीच असन, ताई."