मादाम ओदिल सायकल शिकतात

जिनिव्हातल्या आमच्या संस्थेत माणूस कसा शिकतो यावर दिवसभर वाद चालत, आणि त्या वादांखालची फरशी मादाम ओदिल शापुई पुसत. मी तिथली टायपिस्ट. एकोणीसशे सत्तावन्नच्या वसंतात द्राक्षमळ्यांपलीकडच्या खेड्यात मादामच्या लेकीला मुलगा झाला. तिकडे ट्राम जात नव्हती. वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी मादामनी जाहीर केलं, "मी सायकल शिकणार!"

आमच्या दोन संशोधकांना आयतीच विद्यार्थिनी मिळाली.

गास्तों उंदरांना बक्षीस देऊन शिकवायचा. तो खिशात चॉकलेट घेऊन संस्थेमागच्या मैदानात आला. "सीटवर बसलात की एक तुकडा." तासाभरात मादाम चढण्या-उतरण्यात तरबेज झाल्या. पुढे मात्र हलेनात.

"अहो, पॅडल मारा की!"

"कशाला? चॉकलेट बसण्याचं ठरलंय ना?"

दुसरी संशोधक एदित म्हणाली, "त्यांना कुणी काही सांगू नका. स्वतः शोधलेलंच टिकतं." मादाम दोन संध्याकाळी धडपडल्या, गुडघा सोलून घेतला. पण एक गोष्ट त्यांनी हेरली. सायकल डावीकडे कलली की हँडलही डावीकडेच वळवायचं. "उलटंच आहे की सगळं!" त्या आनंदाने ओरडल्या. कळलं खरं, पण चार हातांपलीकडे जाता येईना.

मग मी मागून सीट धरली.

"सोडू नकोस हं, पोरी!"

आधी दोन्ही हात, मग एक, मग दोन बोटं. मादाम स्वतःलाच मोठ्यांदा बजावायच्या, "समोर बघ, ओदिल. पायांकडे नको!" दिवसागणिक तो आवाज बारीक होत गेला, पुटपुट उरली, मग नुसते ओठ. शुक्रवारी ओठही हलले नाहीत, आणि मी हात काढून घेतला.

"धरलंयस ना?" लांबून हाक आली.

"नाही!"

"अगं बाई!" म्हणत त्यांनी अख्ख्या मैदानाला फेरी मारली. टोपी उडाली तरी थांबल्या नाहीत, कारण थांबायचं कसं हे कुणी शिकवलंच नव्हतं. शेवटी गवतात कोसळल्या आणि हसत सुटल्या.

"बक्षिसाची गोडी लागली म्हणून जमलं," गास्तों म्हणाला.

"छे! स्वतः शोधलं म्हणून," एदित म्हणाली.

"तुम्ही बसा भांडत. मला आधी ब्रेक दाखवा कुणीतरी!"

रविवारी मादाम खेड्यात पोचल्या तेव्हा लेक बाळाला घेऊन दाराबाहेर धावली. त्या उन्हाळ्यात बेकरीवाली मार्गरित त्यांच्याकडे सायकल शिकायला आली. मादामनी तिला सायकलला हातही लावू दिला नाही. गवतात शेजारी बसवून विचारलं, "आधी सांग, तुला भीती कशाची वाटते? मला हे कुणी विचारलंच नव्हतं."